एकसष्टीच्या निमित्ताने

आमच्याकडे माणूस एकसष्ट वर्षांचा झाला की त्याची सुटका नसते. माजी विद्यार्थी जमतात, हॉल ठरतो, शाल-श्रीफळ येते आणि कुणीतरी गौरवग्रंथाचे खूळ काढते. गौरवग्रंथ म्हणजे चाळीस जणांनी एकच आठवण चाळीस वेळा सांगायची. या पुस्तकाचा लेखक माझा वसतिगृहापासूनचा मित्र आणि चाळीसगाव तालुक्यातल्या दोन पिढ्यांचा गणिताचा मास्तर. गौरवग्रंथाची बैठक त्याच्या ओट्यावर बसली तेव्हा तो विद्यार्थ्यांना म्हणाला, "माझ्यावर काय लिहिता? एकसष्टवर लिहा. तो माझ्यापेक्षा पुष्कळ अवघड आहे." सगळे हसले, चहा झाला, लिहिले कुणीच नाही. शेवटी त्याने स्वतःच लिहिले. प्रस्तावनेचे काम माझ्याकडे आले ते मी मोठा गणिती म्हणून नव्हे, तर एकसष्टने माझी केलेली फजिती त्याने डोळ्यांनी पाहिली आहे म्हणून. ती फजिती पुढे येईलच.

पुस्तकाचा विषय मूळ संख्या, त्यातही अवाढव्य मूळ संख्या. पण लेखक सुरुवात करतो लहानग्या ६१ पासून आणि शेवटपर्यंत तिचे बोट सोडत नाही. पहिल्या वाचनात मला हा हट्ट वाटला होता. आता तसे वाटत नाही.

मूळ संख्या म्हणजे काय ते सहावीच्या पोरालाही ठाऊक असते: १ आणि ती स्वतः, एवढेच तिचे विभाजक. रावेर-यावलकडच्या माणसाला केळीच्या भाषेत सांगायचे तर साठ केळी दहाच्या सहा ओळींत मांडा, बाराच्या पाच ओळींत मांडा, पंधराच्या चार ओळींत मांडा, कुठेही बसतात. त्यात एक केळ टाका. आता एकसष्ट केळ्यांची एकच लांबलचक ओळ होते, दुसरी मांडणी नाही. माझी आजी हिशेब विसांवर करायची. ६१ म्हणजे तिच्या तोंडी 'तीन ईसा वर एक'. त्या वरच्या एकाने सगळा घोळ केलेला आहे, आणि हा 'वरचा एक' या पुस्तकात पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

६१ मूळ आहे हे तपासायला २, ३, ५ आणि ७ एवढ्याच संख्यांनी भागून पाहायचे. पुढे जायचे कारण नाही, कारण आठाचा वर्ग ६४, म्हणजे ६१ च्या पुढे. चार भागाकारांत निकाल. पण संख्या मोठी झाली की ही रीत कोसळते. वीस आकडी संख्या असेल तर अब्जावधी भागाकार. चार कोटी आकडी असेल तर विचारच नको. मग अशी संख्या मूळ आहे हे सांगणारे लोक कशाच्या बळावर सांगतात? या प्रश्नाचे उत्तर शोधताना लेखक आपल्याला आधी पाटण्याला घेऊन जातो.

पाटणे म्हणजे पाटणादेवीचे पाटणे. चाळीसगावपासून अठरा-वीस किलोमीटर, सातमाळ्याच्या कुशीत, गौताळा अभयारण्याच्या कडेला. नवरात्रात तिथे पाय ठेवायला जागा नसते, एरवी माकडे आणि वनखात्याची माणसे. याच गावच्या पडक्या देवळात सापडलेल्या शिलालेखाकडे डॉ. भाऊ दाजी लाडांनी विद्वानांचे लक्ष वेधले आणि १८६५ मध्ये त्याची माहिती छापली. लेख शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०७ च्या सुमाराचा. यादव राजा सिंघण याच्या दरबारचा ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिले. लेखाचा पुढचा भाग जुन्या मराठीत आहे आणि मला तोच जास्त आवडतो, कारण त्यात गाव दिसते. बाजारात माल विकला गेला की त्यावरचा अमुक हिस्सा मठाला, गावातल्या तेलाच्या घाण्यामागे पळी-पळी तेल मठाला. ते तेल अभ्यासाच्या दिव्यात गेले की फोडणीत, हे दगड सांगत नाही. पण शिक्षणसंस्थेच्या अनुदानाचा इतका चोख कागद खानदेशात दुसरा दाखवता येणार नाही.

भास्कराचार्यांचे गाव विज्जलवीड. ते हेच पाटणे की आणखी कुठले, यावर वाद आहे. विजापूर, बीड अशी इतर नावेही पुढे केली गेली आहेत. लेखक अर्थातच पाटण्याच्या बाजूने आहे. तो चाळीसगावचा असल्यामुळे त्याची साक्ष मी थोडी कमी धरतो. मठ मात्र पाटण्याचाच, त्यात वाद नाही. भास्कराचार्य जन्मले शके १०३६ मध्ये, म्हणजे १११४ साली. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणि' पुरा केला. त्याचे चार भाग: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित, गोलाध्याय. लीलावती सगळ्यांना ठाऊक, निदान तिच्या लग्नाची दंतकथा तरी. आपले काम बीजगणिताशी आहे. त्यात वर्गप्रकृती नावाचा विषय येतो आणि तिथे ६१ वाट पाहत बसलेली आहे.

आता माझी फजिती. वसतिगृहात थंडीच्या दिवसांत एका रात्री या गृहस्थाने मला विचारले, "एखादी पूर्ण संख्या घे. तिच्या वर्गाला ६० ने गुण, १ मिळव. पूर्ण वर्ग आला पाहिजे. सांग संख्या." मी पाच मिनिटांत सांगितली: ४. चाराचा वर्ग १६, साठपट ९६०, एक मिळवून ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. "शाबास. आता ६० च्या जागी ६२." तेही जमले: ८. चौसष्टची बासष्टपट ३९६८, एक मिळवला की ३९६९, म्हणजे ६३ चा वर्ग. मग तो साळसूदपणे म्हणाला, "मधली ६१ राहिली. तेवढी करून टाक. भरीत आणि कळण्याच्या भाकरीची पैज."

साठचे उत्तर चार, बासष्टचे आठ. मधल्याचे असून असून किती असणार? मी १ पासून सुरुवात केली. कॅल्क्युलेटर तेव्हा श्रीमंतांच्या पोरांकडे. दोन रात्री जागून वहीची पंचवीस पाने भरली आणि चारशेच्या आसपास हात टेकले. पैज हरलो, भरीत खाऊ घातले. त्याने भाकरी मोडता मोडता उत्तर सांगितले: सर्वांत लहान संख्या २२,६१,५३,९८०. तिच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला की १,७६,६३,१९,०४९ चा वर्ग मिळतो. मिनिटाला एक संख्या अशा वेगाने रात्रंदिवस बसलो असतो तर मला ४३० वर्षे लागली असती. म्हणजे भास्कराचार्यांनी ११५० मध्ये माझ्या रीतीने सुरुवात केली असती तर अकबराच्या काळात उत्तर आले असते.

त्यांनी माझी रीत वापरली नाही. चक्रवाल वापरली. ती इथे थोडक्यात दाखवतो. पुस्तकात ती सविस्तर आहे, पण प्रस्तावना वाचूनच पुस्तक बाजूला ठेवणारे वाचकही असतात. मी त्यांच्यातलाच.

गुणायच्या संख्येला, म्हणजे इथे ६१ ला, प्रकृती म्हणतात. वर्ग करायची लहान संख्या कनिष्ठ, उत्तरातली मोठी ज्येष्ठ आणि वर मिळवायचा तो क्षेप. (साठी ओलांडल्यावर रेल्वेच्या फॉर्मवर 'ज्येष्ठ' लिहिताना मला हटकून हेच आठवते.) आपल्याला क्षेप १ हवा आहे. तो लगेच मिळत नाही, म्हणून जवळपासच्या क्षेपाने सुरुवात करायची. ६१ × १ मध्ये ३ मिळवले की ६४, आठाचा वर्ग. कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३. आता एक मदतनीस संख्या निवडायची, अशी की हिशेब क्षेपाने निःशेष भागला जावा आणि तिचा वर्ग ६१ च्या जवळ असावा. ७ घ्या. नवा कनिष्ठ: १ × ७ अधिक ८ म्हणजे १५, भागिले ३, आले ५. नवा क्षेप: ४९ वजा ६१ म्हणजे उणे १२, भागिले ३, आले उणे ४. ताळा पाहा. ६१ × २५ = १५२५, त्यातून ४ गेले, राहिले १५२१. हा ३९ चा वर्ग. एकाच फेरीत आपण ५ आणि ३९ या जोडीवर आलो.

पुढचे काम भावनेचे. हा शब्द इथे रडण्या-हसण्याचा नव्हे. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये दिलेली ती एक युक्ती आहे: दोन जोड्या असतील तर त्यांच्यापासून तिसरी जोडी तयार करता येते. ज्येष्ठांचा गुणाकार आणि प्रकृतीने गुणलेला कनिष्ठांचा गुणाकार यांची बेरीज हा नवा ज्येष्ठ. तिरपे गुणून बेरीज केली की नवा कनिष्ठ. क्षेपांचा नुसता गुणाकार. उणे ४ आले की जोडी निम्मी करून क्षेप उणे १ करता येतो. अपूर्णांक येतात, पण भावना दोनदा लावली की ते विरतात आणि ३८०५ व २९७१८ ही जोडी हाती येते. ३८०५ च्या वर्गाची ६१ पट, उणे १, बरोबर २९७१८ चा वर्ग. आता या जोडीची स्वतःशीच भावना करायची. उणे एकाचा उणे एकाशी गुणाकार अधिक एक, आणि कनिष्ठ येतो २ × ३८०५ × २९७१८, म्हणजे माझ्या पैजेचे नऊ आकडी उत्तर. अर्ध्या पानाचा हिशेब. माझी पंचवीस पाने आजही माळ्यावर आहेत.

६१ च इतकी आडमुठी का, याचे एक कारण ती मूळ आहे यात दडलेले आहे. चाराने भागून १ उरणारी कुठलीही मूळ संख्या घ्या, तिच्यासाठी उणे एकाची जोडी सापडतेच सापडते. ६१ ला चाराने भागले की १ उरतो. अधिक एकाचे सर्वांत लहान उत्तर त्या उणे एकाच्या जोडीच्या भावनेतून येते, म्हणून ते एकदम फुगते. शंभराच्या आतली कुठलीही प्रकृती घेतली तरी इतके मोठे पहिले उत्तर दुसऱ्या कुणाचे नाही. भास्कराचार्यांनी उदाहरणाला नेमकी ६१ घेतली, आणि तिच्या जोडीला ६७. ६७ चे उत्तर तुलनेने सौम्य: कनिष्ठ ५९६७, ज्येष्ठ ४८८४२. तिला चाराने भागले तर ३ उरतात, तिथे उणे एकाची जोडी नाही. ६१ ही निवड सहज झाली असेल असे मला वाटत नाही. शंभराच्या आतला सर्वांत खोडकर पोरगा कोण, हे ठाऊक असलेल्या मास्तरानेच त्याला फळ्यापाशी उभे केले आहे.

पाचशे वर्षांनी, १६५७ मध्ये, फ्रान्समधल्या फर्मा नावाच्या न्यायाधीशाने फ्रेनिकल या आपल्या मित्राला हेच कोडे घातले आणि त्यानेही उदाहरण घेतले ६१ चे, सोबत १०९ चे. त्याच्या कानावर भास्कराचार्यांचे नाव असण्याचा संभव नाही. बीजगणिताचे कोलब्रुककृत इंग्रजी भाषांतर १८१७ चे. डोंगर एकच असला की दोन बाजूंनी चढणारे माथ्यावर भेटतात. ऑयलरने पुढे या समीकरणाला चुकून पेलचे नाव दिले. पेल बिचाऱ्याने त्यात काहीही केलेले नव्हते. जगभर आजही तेच नाव चालते. सातबाऱ्यावर एकदा चुकीचे नाव चढले की उतरवणे किती अवघड, ते आपल्याला सांगायला नको.

इथे मला लेखकाच्या वतीने एक खुलासा करायचा आहे, कारण आमच्या भागात भास्कराचार्यांचे नाव निघाले की सभेत कुणीतरी उठून म्हणतो, "हे सगळे आपल्याकडे आधीच होते." नव्हते. मूळ संख्यांचा स्वतंत्र अभ्यास भास्कराचार्यांनी केलेला नाही. ६१ आणि ६७ मूळ आहेत याची त्यांनी कुठे दखल घेतलेली नाही. मूळ संख्या संपत नाहीत हे युक्लिडने त्यांच्या चौदाशे वर्षे आधी सिद्ध केले होते. विभाजक शोधण्यावर आपल्याकडे नीट प्रकरण येते ते नारायण पंडिताच्या १३५६ च्या 'गणितकौमुदी'त. मग पाटण्याचा आणि अवाढव्य मूळ संख्यांचा संबंध काय? संबंध आहे, पण तो पूर्वजांच्या श्रेयाचा नाही, यंत्राचा आहे. तो या पुस्तकाच्या सहाव्या प्रकरणात आहे आणि तेच या पुस्तकाचे काळीज आहे.

त्याआधी मर्सेनची गोष्ट. हा फ्रेंच धर्मगुरू. २ ला २ ने गुणत जायचे आणि शेवटी १ वजा करायचा, अशा संख्यांचा त्याला नाद. ३, ७, ३१, १२७ या अशाच मिळतात आणि मूळ आहेत. १६४४ मध्ये त्याने यादी छापली की २ चा कुठला घात घेऊन १ वजा केला तर मूळ संख्या मिळते: २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७, २५७. यादीत ६७ आहे, ६१ नाही. खरे नेमके उलटे निघाले. २ चा ६१ वा घात उणे १ म्हणजे २३०५८४३००९२१३६९३९५१. ही एकोणीस आकडी संख्या मूळ आहे हे १८८३ मध्ये परवुशिन नावाच्या रशियन खेड्यातल्या पाद्र्याने दाखवले. मर्सेनला ६१ च म्हणायचे होते आणि छापताना ६७ झाले, असाही काहींचा कयास. भास्कराचार्यांनी शेजारी-शेजारी बसवलेली हीच दोन पोरे इथे हजेरीपटावर अदलाबदल झालेली पाहून आमच्या लेखकाला जो आनंद झाला आहे, तो त्याने चार पानांत सांडला आहे. त्यातली दोन कमी करता आली असती.

६७ चे काय झाले, तेही रंजक आहे. फ्रान्सच्याच एद्वार ल्युका याने १८७६ मध्ये सांगितले की २ चा ६७ वा घात उणे १ मूळ नाही. विभाजक कुठले, ते मात्र त्यालाही सापडले नाहीत. आपल्या शाळेत असे उत्तर दिले तर मास्तर म्हणेल, पायऱ्या दाखव. पायऱ्या दाखवल्या फ्रँक नेल्सन कोल याने, १९०३ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला, अमेरिकन गणितज्ञांच्या सभेत. तो फळ्यापाशी गेला, तोंडातून शब्द न काढता २ चा ६७ वा घात केला, १ वजा केला, मग फळ्याच्या दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ असा गुणाकार मांडला. दोन्हीकडे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. जागेवर जाऊन बसला, सभेने टाळ्या वाजवल्या. हे शोधायला किती वेळ लागला असे विचारल्यावर तो तीन वर्षांचे रविवार म्हणाला, असे सांगतात. १९३७०७७२१ मधून १ वजा करून ६७ ने भागून पाहा. निःशेष जाते. असल्या संख्येचा प्रत्येक विभाजक असाच असावा लागतो. कोलने आंधळेपणाने चाचपडले नव्हते.

पण ल्युकाने विभाजक न शोधता निकाल दिला कसा? हे ते यंत्र. १९३० मध्ये लेहमरने त्याला आजचे सुटसुटीत रूप दिले, म्हणून त्याला ल्युका-लेहमर चाचणी म्हणतात. कृती चौथीतल्या मुलालाही जमेल अशी. ४ पासून सुरुवात करायची. वर्ग करून २ वजा करायचे, जी संख्या तपासायची तिने भागून बाकी ठेवायची. पुन्हा वर्ग, पुन्हा २ वजा, पुन्हा बाकी. घातापेक्षा दोनने कमी इतक्या वेळा हे केले आणि शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाही आली तर नाही.

१२७ घेऊ. ती २ चा सातवा घात उणे १, म्हणून पाच फेऱ्या. ४ चा वर्ग १६, उणे २ म्हणजे १४. १४ चा वर्ग १९६, उणे २ म्हणजे १९४, बाकी ६७. (हो, पुन्हा ६७. मीही दचकलो होतो.) ६७ चा वर्ग ४४८९, उणे २, ४४८७, बाकी ४२. ४२ चा वर्ग १७६४, उणे २, १७६२, बाकी १११. १११ चा वर्ग १२३२१, उणे २ म्हणजे १२३१९. हे १२७ × ९७. बाकी शून्य. १२७ मूळ आहे.

आता ४, १४, १९४ या संख्या आल्या कुठून? पाटण्याच्या पोराला विचारा. प्रकृती ३ घ्या. कनिष्ठ १: तीन एके तीन, अधिक १, चार, ज्येष्ठ २. या जोडीची स्वतःशी भावना करा: कनिष्ठ ४, ज्येष्ठ ७. पुन्हा स्वतःशी: कनिष्ठ ५६, ज्येष्ठ ९७. ज्येष्ठांची दुप्पट करा. ४, १४, १९४. ल्युका-लेहमर चाचणी म्हणजे प्रकृती ३ असलेल्या वर्गप्रकृतीची स्वतःशीच पुन्हा पुन्हा केलेली भावना, फक्त बाक्या ठेवत. दुसरे काही नाही. ल्युकाने ती ब्रह्मगुप्ताकडून घेतली असे कुणी म्हणू नये. तो वेगळ्या वाटेने आला. पण फिरते चाक तेच.

आणि मूळ संख्यांचे विक्रम जवळपास सगळे '२ चा अमुक घात उणे १' याच घराण्यात का मोडतात, याचे उत्तर आजीच्या वरच्या एकात आहे. बाक्यांच्या जगात ही भावना चक्रासारखी गोल फिरून मूळ जागी येते. संख्या मूळ असेल तर त्या चक्राची लांबी संख्येहून एकने मोठ्या असलेल्या संख्येशी बांधलेली असते. १२७ वर एक ठेवला की १२८, निव्वळ दोनांचा गुणाकार. स्वतःशी भावना म्हणजे दर वेळी दुप्पट पल्ला. दुप्पट-दुप्पट करत गेलो तर अशा चक्रात आपण ठरलेल्या घरावर बरोबर येऊन पडतो. इतर संख्यांवर एक ठेवला तर असे निर्मळ काही मिळत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंट या अमेरिकन तरुणाच्या प्रयत्नाने सापडलेली संख्या याच घराण्यातली: २ चा १३,६२,७९,८४१ वा घात उणे १. पहिला कौल फर्माच्या नावाच्या दुसऱ्या एका चाचणीने दिला, शिक्कामोर्तब ल्युका-लेहमरने केले. तेरा कोटींहून जास्त फेऱ्या. संख्येत आकडे ४,१०,२४,३२०. पानावर दोन हजार आकडे छापले तर पाचशे पानांचे एक्केचाळीस खंड होतील. सेकंदाला एक आकडा वाचला तर न झोपता ४७५ दिवस.

याचा उपयोग काय, हा प्रश्न येणारच. धुळ्याच्या स्टँडवर चहावाल्याला मोबाइलवरून दहा रुपये पाठवता तेव्हा मध्ये जी कुलपे लागतात त्यात मूळ संख्या असतात, पण त्या शे-सहाशे आकड्यांच्या आत मावणाऱ्या. २ चा २५५ वा घात उणे १९ ही सत्याहत्तर आकडी मूळ संख्या अशा कुलपांत सर्रास वापरतात. चार कोटी आकडी संख्येचा कुलपाला काडीचा उपयोग नाही. ती इतकी अवाढव्य आहे की कुलूप लावता-लावताच चहा निवून जाईल. लेखकाने इथे 'संगणकाची तब्येत तपासायला उपयोग होतो' वगैरे सारवासारव केली आहे. ती मला पटलेली नाही. कळसूबाई का चढता, असे विचारल्यावर व्यायाम होतो म्हणणाऱ्यातली ती गत.

माझी आणखी एक तक्रार. कूटलेखनावरचे आठवे प्रकरण घाईत उरकले आहे. उलट धूळपाटीवरच्या आकडेमोडीचे प्रकरण रेंगाळलेले आहे, आणि त्यात धुळे या नावाशी केलेली कोटी काढून टाक असे मी दोनदा सांगितले. ती अजून तिथेच आहे. वाचकाला एकच सुचवतो: पाचवे आणि सहावे प्रकरण पेन्सिल घेतल्याशिवाय वाचू नये. १२७ चा हिशेब वर दिलाच आहे, तो सोडा. ८१९१ स्वतः करून पाहा. ती २ चा तेरावा घात उणे १, अकरा फेऱ्या, कागदाची एक बाजू.

छपाईच्या वेळची एक गोष्ट सांगितली पाहिजे. पहिल्या मुद्रितात पैजेचे उत्तर २२,६१,३५,९८० असे पडले होते, ५ आणि ३ यांची अदलाबदल. मी नवाचा ताळा घेतला: अंकांची बेरीज ३६, बरोबर. पान पास करून दिले. रात्री साडेअकराला फोन.

"झोपलास का? अकराचा ताळा घे."

"नवाचा घेतला ना."

"नवाच्या ताळ्याला अदलाबदल दिसते का रे? बेरीज तीच राहते. ज्येष्ठाला अकराने भाग, निःशेष जातो. आता तुझ्या आकड्याचा वर्ग कर, एकसष्टने गुण, एक मिळव. अकराने भाग."

मी उशाजवळच्या वर्तमानपत्राच्या कडेला हिशेब केला. बाकी ९ आली.

"किती आले?" तो विचारत होता. मागून त्याच्या बायकोचा आवाज येत होता, अहो झोपू द्या त्यांना.